वरची फळी

तार्मो : दोन.

डॉ. सारेला : दहापैकी दोन?

तार्मो : दोन म्हणजे दोन.

इर्या : डॉक्टर, लिहू नका ते. पेन खाली ठेवा आधी.

तार्मो : इर्या, दुखणं माझं आहे.

इर्या : दुखणं तुझं, पण घर दोघांचं आहे ना? डॉक्टर, मार्चपासून माझा नवरा खुर्चीत झोपतोय. आडवं होता येत नाही त्याला. पलंगावर एक मी आणि एक रिकामी उशी. आणि म्हणे दोन!

डॉ. सारेला : खुर्चीत? तार्मो, हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय. कॅन्सर कमरेच्या हाडात उतरलाय हे ऑक्टोबरात कळलं. तेव्हापासून आपण पाच वेळा बोललो, तीनदा इथे आणि दोनदा फोनवर. पाचही वेळा मी विचारलं, किती दुखतंय? हे बघा, पाचही वेळा लिहिलंय, दोन.

तार्मो : मग बरंच आहे. वाढलं नाही म्हणजे.

इर्या : मोजे कसे घालतोस ते सांग ना त्यांना.

तार्मो : घालतो.

इर्या : निखारे उचलायच्या चिमट्याने घालतो! वाकताच येत नाही. एक मोजा चढवायला दहा मिनिटं, आणि दात असे खातो की मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तार्मो.

तार्मो : चिमटा सोयीचा पडतो.

डॉ. सारेला : एक विचारू? तुमच्या हिशेबात दहा म्हणजे काय?

तार्मो : दहा माझ्या वडिलांचं. लढाईत पायाची बोटं गोठली. तंबूत सुताराच्या पटाशीने काढली. तीन. भूल नव्हती.

डॉ. सारेला : बरं. आणि नऊ?

तार्मो : नऊ इर्याचं. थोरली मुलगी झाली तेव्हा. दोन दिवस आणि एक रात्र. मी बाहेर जिन्यात उभा होतो, तिथपर्यंत ऐकू येत होतं.

इर्या : तुझ्या लक्षात आहे ते?

तार्मो : आठ म्हणजे ओंडके. नदीतून ओंडके न्यायचो तेव्हा दोन ओंडक्यांच्या मधे पाय सापडला. घोटा गेला.

डॉ. सारेला : सात?

तार्मो : सात अजून कुणाला दिलं नाही.

डॉ. सारेला : आणि आज गाडीपासून इथपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आलात, म्हणून दोन.

तार्मो : हो. मधे फक्त दोनदा थांबलो.

इर्या : चारदा!

तार्मो : दोनदा भिंतीवरच्या जाहिराती वाचत होतो.

इर्या : स्तनपानाच्या वर्गाची जाहिरात वाचत होता, डॉक्टर. वयाच्या बहात्तराव्या वर्षी. घाम फुटला होता वाचता वाचता.

डॉ. सारेला : चूक माझीही आहे. आपल्याकडच्या माणसाला आकडा विचारायचा आणि त्यावर विश्वास ठेवायचा, ही माझी चूक. माझ्या आजोबांना करवतीने हात कापला तेव्हा ते आजीला म्हणाले होते, जरा खरचटलंय. तेव्हा आता आकडा नको. असं सांगा, पूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?

तार्मो : काही नाही.

इर्या : शनिवारचं वाफेचं स्नान, सौना.

तार्मो : सौना चालू आहे. एक शनिवार चुकला नाही.

इर्या : बसतोस कुठे?

तार्मो : बसतो.

इर्या : कुठे बसतोस ते सांग.

तार्मो : खाली.

डॉ. सारेला : खाली म्हणजे मधल्या फळीवर?

तार्मो : खाली. जमिनीवर. दूध काढायचं जुनं स्टूल आहे, त्याच्यावर.

डॉ. सारेला : लाकडाची भट्टी आहे ना तुमची? तळ्याकाठी?

तार्मो : विजेची कशाला असेल?

डॉ. सारेला : आणि वरच्या फळीवर, खऱ्या वाफेत, शेवटचे कधी चढलात?

तार्मो : ... फेब्रुवारीत. पहिल्या आठवड्यात.

डॉ. सारेला : वरच्या फळीवरचा माणूस फेब्रुवारीपासून स्टुलावर बसतोय, आणि माझ्या कागदावर दोन! हा कागद फाडून कॉफीच्या कपाखाली ठेवायच्या लायकीचा आहे.

इर्या : तुम्हाला वाटेल, म्हातारीला त्या फळीचं एवढं काय. सांगते. मी कारेल्या भागातली, आमच्याकडे माणसं झोपेतसुद्धा बोलतात. आणि हा हामे भागातला. सहा दिवस मुका. सेहेचाळीस वर्षांत हा माझ्याशी बोलला तो फक्त शनिवारी, वरच्या फळीवर, माझ्या शेजारी बसून. घर घ्यायचं तिथे ठरलं. धाकटी नवऱ्याला सोडून आली तेव्हा काय करायचं, ते तिथे ठरलं. ह्या आजाराचं नावसुद्धा त्याने मला तिथेच सांगितलं. आता मी वर एकटी आणि हा खाली. वरून मला दिसतं काय, तर टक्कल. टकलाशी किती बोलणार माणूस?

डॉ. सारेला : तुम्ही खाली नाही बसलात त्यांच्याजवळ?

इर्या : बसले ना. हा उठून बाहेर गेला. म्हणतो, दया नको. साडेतीन महिने झाले, डॉक्टर. दुखणं त्याचं आहे, खरंय. पण नवरा माझा हरवलाय.

तार्मो : इर्या.

इर्या : काय इर्या? खोटं आहे का?

तार्मो : नाही.

डॉ. सारेला : ऐका मग. आजार मुळापासून काढणं माझ्या हातात नाही, ते आपण ऑक्टोबरातच बोललोय. ते मी आजही गोड करून सांगणार नाही. पण दुखणं ही वेगळी गोष्ट आहे, तार्मो, आणि त्याचा बंदोबस्त करता येतो. हाडातल्या त्या जागेला शेक देऊ. किरणांचा. पुढच्या मंगळवारी.

तार्मो : किती वेळा?

डॉ. सारेला : एकदा.

तार्मो : एकदा?

डॉ. सारेला : एकदाच.

तार्मो : इर्या, माझी टोपी दे.

इर्या : अरे, पण...

तार्मो : तळ्यापलीकडच्या आर्नेला पस्तीस वेळा दिला. रोज टॅक्सी यायची. मला एकदा. कळलं मला. माझ्यावर सरपण फुकट घालवायचं नाही, असं ठरलंय.

डॉ. सारेला : बसा. बसा म्हणते ना! आर्नेची गाठ जाळून संपवायची होती, म्हणून पस्तीस. तुमचं दुखणं थांबवायचंय. हाडाच्या दुखण्याला एक दमदार शेक पुरतो. दहा दिले काय आणि एक दिला काय, आराम सारखाच पडतो, हे हजारो माणसांवर पाहून झालंय. मग तुम्हाला अशा कमरेने नव्वद किलोमीटर दहा वेळा गाडीतून का आणू? तुमची भट्टी एकदा नीट पेटली की दर पाच मिनिटांनी काडी ओढता का?

तार्मो : ... नाही.

डॉ. सारेला : मग?

तार्मो : काडी एकच. लाकूड कोरडं पाहिजे.

डॉ. सारेला : लाकूड माझ्याकडे लागलं. आता बाकीचंही सांगते, नंतर म्हणू नका की लपवलं. दहातल्या सहा-सात जणांना आराम पडतो. सगळ्यांना नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, त्यासाठी गोळ्या देते. आणि लगेच काही होत नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. दोन आठवडे, तीन, कधी चार.

इर्या : मंगळवारपासून युहान्नुसच्या सणाला चार आठवडे आणि तीन दिवस आहेत. मी मोजलंय.

तार्मो : कधी मोजलंस?

इर्या : आत्ता. तू टोपी मागत होतास तेव्हा. डॉक्टर, भर उन्हाळ्यातली ती युहान्नुसची सौना वर्षातली सगळ्यात मोठी. त्या दिवशी हा वर चढेल का?

डॉ. सारेला : लिहून देत नाही. पण चढायचं झालंच तर दोन अटी. शेकानंतर दोन आठवडे त्या जागेला कडक वाफ नको. आणि फळ्यांना एक कठडा बसवा. हाड मी पाहिलंय, मोडायच्या बेतात नाही, पण हाताला आधार हवा.

तार्मो : सौनात कठडा? हॉस्पिटलसारखा?

डॉ. सारेला : हॉस्पिटलसारखा नको, तुमच्या हातचा करा. आणि यापुढे मी आकडा विचारणार नाही. फोन केला की एवढंच विचारेन, कुठली फळी? आज मी लिहितेय, स्टूल.

तार्मो : स्टूल फळीत धरत नाहीत.

डॉ. सारेला : म्हणूनच लिहितेय.

*

इर्या : झालंसुद्धा? मी वेलदोड्याच्या पावाचा दुसरा घास घेतला नाही, तोवर तू बाहेर!

तार्मो : अकरा मिनिटं. त्यातली नऊ मला सरळ निजवण्यात गेली. गाडी जरा हळू चालव.

इर्या : हळूच आहे. मागे सायकलवाला हॉर्न मारायचा बाकी आहे. काय वाटलं तिथे?

तार्मो : काही नाही.

इर्या : नेहमीचं काही नाही, की खरंच काही नाही?

तार्मो : खरंच. मशीन गुणगुणलं, फ्रीजसारखं. थांबलं. शेक म्हणतात आणि खोली तळघरासारखी गार.

इर्या : आणि ती शेक देणारी मुलगी काय करत होती? पेन घेऊन गेली होती आत.

तार्मो : कमरेवर खुणा केल्या. लाकूड कापायच्या आधी करतात तशा. चांगला हात होता तिचा, नेमका. मला म्हणाली, अजिबात हलू नका. मी म्हटलं, हलता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो.

इर्या : असं म्हणालास? एवढं लांब वाक्य? परक्या मुलीला?

तार्मो : ती हसली.

इर्या : माझ्याशी बोलायला वाफ लागते, आणि तिच्याशी गारठ्यातही बोलतोस!

तार्मो : खड्डा.

इर्या : दिसला मला.

तार्मो : दिसला तर त्यात का घातलीस?

इर्या : दुखलं?

तार्मो : ... इर्या.

इर्या : काय?

तार्मो : नाही जमलं वर चढायला, तर?

इर्या : तर दुसरं स्टूल आहे कोठारात. मी खाली येईन.

तार्मो : खाली वाफ नसते.

इर्या : नसू दे. गार बसू. पण ह्या वेळी उठून जायचं नाही. गेलास तर दाराला बाहेरून कडी घालीन, आणि मग किती मुका राहतोस ते बघते.

तार्मो : आतून बाहेर जाणार मी. बाहेरून कडी घालायला तू बाहेर हवीस.

इर्या : तेवढी अक्कल आहे मला. बोलण्याचा भावार्थ घे.

तार्मो : घेतला.

*

इर्या : डॉक्टर, इर्या बोलतेय. तार्मो लेहतोलाची. मंगळवारी शेक दिला त्याची. आज शुक्रवार, आणि वाढलंय दुखणं. काल संध्याकाळपासून खुर्चीतसुद्धा बसवत नाही. टेबलाला धरून उभा आहे नुसता.

डॉ. सारेला : काय म्हणतायत ते?

इर्या : चार म्हणतोय.

डॉ. सारेला : चार? तार्मो स्वतःच्या तोंडाने चार म्हणाले?

इर्या : म्हणून तर फोन केला. उपयोग झाला नाही का, डॉक्टर? जखम मांडीला आणि पट्टी शेंडीला, असं तर झालं नाही ना?

डॉ. सारेला : नाही हो. शेकाने त्या जागेला सूज येते, हाड चिडतं. काही जणांना होतं असं. ह्यावरून पुढचं काहीच ठरत नाही, ना चांगलं ना वाईट. ह्यासाठीच गोळ्या दिल्या होत्या. कधी घेतली शेवटची?

इर्या : घेतलीच नाही. डबीत ठेवल्यात रांग लावून. म्हणतो, सणाला लागतील, आत्तापासून का संपवू.

डॉ. सारेला : फोन द्या त्यांच्याकडे.

तार्मो : हं.

डॉ. सारेला : तार्मो, गोळ्या म्हणजे सरपण नव्हे, हिवाळ्यासाठी रचून ठेवायला.

तार्मो : हं.

डॉ. सारेला : दुखणं सोसल्याचं तुम्हाला कुणी पदक देणार नाही. आम्ही बायका तर मुळीच देणार नाही. एक गोळी आत्ता घ्यायची, आणि पुढच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला.

तार्मो : बातम्यांनंतर घेतो.

डॉ. सारेला : आत्ता.

तार्मो : पाणी आणावं लागेल.

इर्या : आणलंय! हे बघ, समोर धरलंय!

डॉ. सारेला : मी ऐकतेय. गिळल्याचा आवाज येईपर्यंत फोन ठेवणार नाही.

तार्मो : ... झालं.

डॉ. सारेला : शाबास. सोमवारपर्यंत उतार पडला नाही तर दोघंही इकडे या. आणि तार्मो, चार म्हणालात ते बरं केलंत. अवघड गेलं असेल.

तार्मो : हं. गेलं.

*

इर्या : तार्मो! तार्मो, कुठे आहेस? देवा, खुर्ची रिकामी. तार्मो!

तार्मो : ओरडतेस कशाला? इथे आहे.

इर्या : इथे कुठे?

तार्मो : मागे बघ. पलंगावर. तुझ्या शेजारी.

इर्या : तू... तू आडवा आहेस!

तार्मो : झोपलो होतो. आता नाही.

इर्या : उठले ती खुर्चीच बघितली. सवय झालीय ना, डोळे उघडले की आधी खुर्ची. रिकामी दिसली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. कधी आलास तू?

तार्मो : रात्री. खुर्चीत पाय हलवला. सरळ झाला. म्हटलं, बघावं.

इर्या : आणि?

तार्मो : बघितलं.

इर्या : मला उठवायचं नाही का!

तार्मो : घोरत होतीस. अख्खं तळं जागं होतं, तू सोडून.

इर्या : मी घोरत नाही. दुखलं का आडवं होताना?

तार्मो : थोडं.

इर्या : तुझं थोडं, की खरं थोडं?

तार्मो : खरं थोडं. कुशीवरसुद्धा झालो. ह्या, उजव्या.

इर्या : तुझी उशी...

तार्मो : आता रडायला काय झालं?

इर्या : काही नाही. उशीला खड्डा पडलाय तुझ्या डोक्याचा. तीन महिने रोज सकाळी ती फुगलेली उशी बघत होते मी. कधीतरी कायमचं हेच बघायचंय, आत्तापासून सवय कर, असं मनाला सांगत होते. आणि आज खड्डा.

तार्मो : इकडे ये.

इर्या : तुझे मोजे देते आधी. चिमटा कुठे ठेवलास?

तार्मो : भट्टीपाशी. चिमट्याची जागा तीच.

*

तार्मो : लेहतोला बोलतोय.

डॉ. सारेला : तार्मो? तुम्ही स्वतः? काय झालं? पडलात का? इर्या बऱ्या आहेत ना?

तार्मो : काही झालं नाही.

डॉ. सारेला : काही झालं नाही म्हणून तुम्ही फोन कराल? मी उभी राहिलेय खुर्चीतून. सांगा काय ते.

तार्मो : मधली.

डॉ. सारेला : मधली?

तार्मो : शनिवारी. मधल्या फळीवर. बारा मिनिटं. तुम्ही लिहिता ना कुठेतरी, म्हणून कळवलं.

डॉ. सारेला : लिहितेय. मोठ्या अक्षरात लिहितेय. अहो तार्मो, ही सोमवारची सकाळ माझी सोन्याची केलीत! सगळ्यांचं असं होत नाही हो. आत्ताच एका बाईंना सांगून आले, की आणखी काही वेगळं करून बघू. आणि कठडा?

तार्मो : केला. अॅस्पेनच्या लाकडाचा. ते तापून चटका देत नाही. पण कठडा म्हणू नका.

डॉ. सारेला : मग काय म्हणू?

तार्मो : हाताला टेकू. तीन दिवस लागले. पूर्वी एका दिवसात झाला असता.

डॉ. सारेला : तीन दिवस कोठारात उभे राहून लाकूड तासत होतात?

तार्मो : बसून. थोडं उभं राहून. इर्या दर अर्ध्या तासाने कॉफी घेऊन येते आणि बघून जाते. रंधा चालताना शिटी मारत होतो म्हणते. मला आठवत नाही.

डॉ. सारेला : गोळ्या कमी केल्यात का, मी सांगितल्या तशा?

तार्मो : केल्या. दिवसाला एकावर आलोय. रचून ठेवत नाही.

डॉ. सारेला : छान.

तार्मो : एक विचारायचंय.

डॉ. सारेला : विचारा.

तार्मो : टिकेल किती?

डॉ. सारेला : खरं सांगू?

तार्मो : खोटं ऐकायला फोन नसता केला.

डॉ. सारेला : काहींना काही महिने. काहींना शेवटपर्यंत. आजार त्याच्या वाटेने चाललाय, तार्मो, तो थांबलेला नाही. पण तिथे पुन्हा दुखायला लागलं, तर शेक पुन्हाही देता येतो. फक्त ह्या वेळी दोन म्हणत दाराशी येऊ नका.

तार्मो : नाही येणार.

डॉ. सारेला : शुक्रवारी युहान्नुस. काय बेत?

तार्मो : वर एक फळी उरलीय.

*

इर्या : थांब, मी हात देते.

तार्मो : देऊ नकोस. टेकू कशाला केलाय?

इर्या : बरं, नाही देत. हे बघ, हात मागे बांधून बसलेय. डावा पाय आधी घे.

तार्मो : पाय माझे आहेत.

इर्या : पाय तुझे, पण पडलास तर माझ्या अंगावर पडशील. मुली तळ्याकाठी बटाटे उकडतायत, हाक मारली तर ऐकूसुद्धा जायचं नाही.

तार्मो : कशाला मारशील हाक? ही एक.

इर्या : हळू.

तार्मो : ही मधली.

इर्या : थांब जरा तिथे. दम खा. इथपर्यंत आलास तरी खूप झालं. शपथेवर सांगते, मी खाली येऊन बसेन मधलीवर, मला काही...

तार्मो : इर्या.

इर्या : काय?

तार्मो : सरक.

इर्या : कुठे?

तार्मो : माझ्या जागेवर बसलीस तू. सरक.

इर्या : सरकले. बाई गं. सरकले. ये.

तार्मो : हं. आलो.

इर्या : आलास! तार्मो, वर आलास तू! अरे माझ्या म्हाताऱ्या! मी हे तळ्यापलीकडच्या आर्नेला ओरडून सांगू का?

तार्मो : छप्पर उडेल. पाण्याचा डाव कुठे आहे?

इर्या : हा घे. पहिलं पाणी तुझं. फेब्रुवारीपासून मी टाकत होते, पण माझ्या हातून भट्टीवरचे दगड नीट बोललेच नाहीत. तुझी वाट बघत होते तेही.

(दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज.)

इर्या : आहाहा. ही खरी.

तार्मो : अंगावर झोडायची जुडी कुणी बांधली?

इर्या : मी. सकाळी कोवळ्या बर्चच्या डहाळ्या आणल्या. का?

तार्मो : सैल आहे. पण वास चांगला आहे.

इर्या : चार महिन्यांनी वर आलास आणि पहिली चूक माझ्या जुडीत काढलीस. बरं वाटलं मला. काढ अजून.

तार्मो : फेब्रुवारीत नऊ होतं.

इर्या : काय?

तार्मो : दुखणं. डॉक्टरांना दोन सांगत होतो ना. नऊ होतं. मार्चमध्ये रात्री उठून दाराची चौकट धरायचो. एकदा चावली. दातांच्या खुणा आहेत, तुझ्या कोटाच्या खुंटीखाली.

इर्या : मला वाटलं, उंदीर लागलेत. मी पिंजरा लावला होता तिथे! अरे, का नाही बोललास? मला तरी बोलायचंस!

तार्मो : नऊ तुझं होतं.

इर्या : म्हणजे?

तार्मो : थोरलीच्या वेळी. मी जिन्यात उभा होतो आणि मला काही करता येत नव्हतं. तू आत ओरडत होतीस, आणि नंतर आत गेलो तेव्हा तू मलाच विचारलंस, काही खाल्लंस का. तेव्हा ठरवलं, ह्या बाईच्या आकड्याच्या आसपास आपण कधी जायचं नाही. घोटा गेला तेव्हाही आठच म्हटलं. ह्या वेळी नऊ म्हटलं असतं तर तुझ्याशी बरोबरी झाली असती. आणि तुला कळलं असतं, किती आहे ते. मग तुलाही दुखलं असतं. म्हणून मोठा आकडा सोडून दिला आणि लहानातला लहान घेतला.

इर्या : एवढी वर्षं तू माझं ते नऊ जपून ठेवलंस?

तार्मो : ठेवलं.

इर्या : मूर्खा. लाकडाच्या ओंडक्या. मला ते कधीच विसरायला झालं रे! पोरगी हातात आली आणि विसरले. ते नऊ तू केव्हाही घेऊ शकत होतास. मी आनंदाने दिलं असतं.

तार्मो : आता नको. आता लागत नाही.

इर्या : आता किती आहे?

तार्मो : दोन.

इर्या : तार्मो, माझ्याकडे बघून सांग.

तार्मो : दोन. खरे दोन.

इर्या : मग बोल. चार महिन्यांचं साचलंय माझं. सगळं ऐकायचंय मला, एक शब्द गाळायचा नाही.

तार्मो : बोलतो ना. घाई काय आहे? भट्टी तापलेली आहे.